अठरा नंबरवरचा केक

वासितीचा एकविसावा वाढदिवस शुक्रवारी येणार, हे आमच्या घरात सगळ्यांना वर्षभर आधीपासून पाठ होतं. ड्युटीचा तक्ता लावणाऱ्यांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

"शनिवार घे, सेमिसी," ग्लेनिस म्हणाली. "रविवार घे. हवं तर दोन्ही घे. पण शुक्रवारची संध्याकाळ मागू नकोस. दोघं तापानं पडलेत. अठरा नंबरला उभं करायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही."

"धाकटी बहीण आहे गं माझी. एकविसावं एकदाच येतं."

"पाच एकेचाळीसची पेनरिथची गाडीसुद्धा एकदाच येते."

"ती रोज येते, ग्लेनिस!"

"त्या दिवशीची एकदाच येते," असं म्हणून तिनं चष्मा नाकावर चढवला आणि विषय संपला.

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवर अठरा नंबरच्या फलाटावर मी नऊ वर्षं उभा आहे. पिवळं जाकीट, शिट्टी, झेंडी आणि पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरच्या माणसाचा आडदांड देह. एवढ्यावर माझं काम चालतं. संध्याकाळी साडेचारपासून साडेसहापर्यंत पश्चिमेच्या गाड्या तीन-तीन मिनिटांनी येतात. दुमजली गाडी, आठ डबे, आणि ती आमच्याकडे थांबते एक मिनिट. त्या मिनिटात हजारभर माणसं उतरायची, हजारभर चढायची. इथे कुणी दारात पाठीवरची पिशवी अडकवून दहा सेकंद खाल्ली, की मागची गाडी बोगद्यात अडकते, तिच्या मागची विन्यर्ड स्टेशनात, आणि तिच्याही मागची बंदरावरच्या पुलावर. मग पुलावर खोळंबलेली एखादी बाई घरी पोचते तेव्हा तिचं दूध उतू गेलेलं असतं. हे गणित ग्लेनिसनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. सत्तावीस वर्षांत तिनं कुणासाठीही गाडी रोखून धरली नव्हती. एकदा एक मंत्री जिन्यावरून हात हलवत पळत आला होता. दार त्याच्या नाकासमोर लागलं. "पुढची तीन मिनिटांनी आहे, साहेब," एवढंच ती त्याला म्हणाली होती.

तर अशा बाईपुढे मी काय बोलणार? वासितीला फोन केला. ती म्हणाली, "चालेल रे दादा, जेवण ठेवते तुझं." हसून म्हणाली, पण मला तिचं हसू लहानपणापासून माहीत आहे. हे त्यातलं नव्हतं.

खरी धास्ती मला फोलोला आत्याची होती. आमच्या लोकांत आत्याचा मान बापाहून मोठा. तिच्या ताटातलं आपण खायचं नाही, तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही, आणि तिनं सांगितलेलं काम कसं करायचं हे विचारायचं असतं, करू का हे विचारायचं नसतं. माझा बाप सव्वाशे किलोचा माणूस, पण फोलोला आत्या दारात आली की सोफ्यावरून उठून जमिनीवर बसतो. ती शहरातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात केक करते. वासितीचा केक ती चार दिवस करत होती, दुपारच्या सुट्टीत, जेवण सोडून.

त्या शुक्रवारी पाच वाजून बावीस मिनिटांनी फलाटावरची लिफ्ट उघडली.

आधी लोक बाजूला झाले. गर्दीच्या वेळी लोक कुणासाठी बाजूला होत नाहीत, म्हणून मी मान वळवून पाहिलं. लिफ्टमधून हॉटेलची चाकांची ढकलगाडी बाहेर येत होती आणि तिच्यावर केक होता. पाच मजल्यांचा, माझ्या छातीपर्यंत येणारा, पांढराशुभ्र. खांबांवर उभे मजले, मजल्यांना साखरेची जाळी, कडेनं आमच्या टोंगाच्या हेइलालाची लालभडक फुलं, आणि दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेले इवलेसे जिने. त्यामागे फोलोला आत्या. जांभळा झगा, कमरेला सणासुदीचा विणलेला पट्टा, कीएकीए, केसात फूल. थेट समारंभाला निघालेली.

"सेमिसी! बघत काय उभा राहिलास? धर!"

"आत्या! तुम्ही इथे कशा? हॉटेलची व्हॅन येणार होती ना?"

"व्हॅन ब्रॉडवेवर आहे. पाण्याचा मोठा नळ फुटलाय तिथे, रस्त्याची नदी झालीय. अर्धा तास चाक हललं नाही. ड्रायव्हर म्हणाला, आता रात्री नऊ. मी म्हटलं, नऊ वाजता काय केकची पूजा करायची? माझा भाचा स्टेशनात आहे. ढकलत आणला." तिनं कपाळावरचा घाम टिपला. "आता गाडी थांबव आणि हे आत चढव. साडेसातला पाद्री प्रार्थना सुरू करतात."

"आत्या, गाडी मला थांबवता येत नाही."

"मग ती झेंडी कशाला दिलीये तुला?"

"गाडी सोडायला."

"नऊ वर्षं नोकरी केलीस आणि नुसतं सोडायलाच शिकलास?"

शेजारी रांगेत उभ्या असलेल्या चार जणांनी तोंडावर हात धरला. मला माझे कान तापलेले कळत होते.

तेवढ्यात गर्दीतून ग्लेनिस आली. पाच फूट उंचीची, काटकुळी, खांद्यावर वॉकीटॉकी. तिनं आधी केककडे पाहिलं, मग आत्याकडे, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"माझी आत्या," मी म्हणालो.

"ते दिसतंय. हे काय आहे?"

"केक," आत्या म्हणाली. "आणि मला पाच एकोणतीसच्या गाडीनं माउंट ड्रुइटला जायचंय. माझ्याकडे तिकीट आहे."

"मॅडम, तुमच्याकडे आहे. केककडे नाही. आणि या वेळेला गाडीत माणसाला हात वर करून डोकं खाजवता येत नाही, हा केक कुठे ठेवणार? सातनंतर या. गाड्या मोकळ्या होतात."

"सातनंतर मी कशाला येऊ? मुलगी काय तोपर्यंत बाविशीची होऊ द्यायची?"

ग्लेनिस उत्तर देणार तोच गाडी आली. रिचमंडची होती, आमच्या कामाची नव्हती. दारं उघडली, माणसं सांडली, माणसं भरली, मी शिट्टी मारली, झेंडी वर केली, गाडी गेली. आत्या हे सगळं डोळे बारीक करून बघत होती. हॉटेलात दोनशे ताटं एकदम वाढणारी बाई ती. तिला घाई कळते. पण तिनं हार मानली नव्हती.

पाच एकोणतीसला तिनं मला न विचारताच ढकलगाडी पुढे घातली. सरकत्या जिन्यांसमोरचा दरवाजा, म्हणजे सगळ्यांत वाईट दरवाजा. आतून उतरणारे पन्नास, बाहेरून घुसणारे साठ. मी "आत्या, नको!" म्हणेपर्यंत एकाची पाठपिशवी वळली आणि तिसऱ्या मजल्याला लागली. दोन लाल फुलं खाली पडली. केक डुगडुगला. मी दोन्ही हातांनी ढकलगाडीला मिठी मारली आणि मागे ओढली. दारं लागली. गाडी वेळेवर गेली.

आत्या ओरडली नाही.  तिनं केकभोवती एक फेरी मारली, एका खांबाला बोट लावून पाहिलं, मग हळूच म्हणाली, "चार दिवस जेवले नाही मी दुपारचं. तुझा बाप तीन वेळा फोन करून विचारतो, ताई, केक कुठवर आलाय? आता त्याला काय सांगू? तुझा मुलगा झेंडी धरून शेजारी उभा होता म्हणून?"

 मी खाली बघितलं. ग्लेनिस वाकून फलाटावरची दोन्ही फुलं उचलत होती. एक जरा चेपलं होतं, दुसरं अगदी शाबूत. तिनं ते चष्म्याजवळ नेलं.

"हे साखरेचं आहे?"

"मग काय प्लॅस्टिकचं?"

"पाकळ्या हातानं केल्यात?"

"एकेक. त्यावर सातशे बेचाळीस होत्या. आता सातशे तीस."

ग्लेनिसनं फूल उलटसुलट करून पाहिलं. तिच्या तोंडावर मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं असं काहीतरी आलं. पुढे मला कळलं की तिची आई विणकाम करायची, एकेक टाका मोजत.  ग्लेनिसनं वर टांगलेल्या घड्याळाकडे पाहिलं.

"मी गाडी रोखणार नाही," ती म्हणाली. "एक सेकंदसुद्धा नाही. कळलं?"

"कळलं," आत्या ताठ मानेनं म्हणाली.

"पण गाडी एक मिनिट थांबतेच. ते मिनिट आपलं आहे. त्याच्यात बसवू. पाच एकेचाळीस. सेमिसी, दरवाजा कुठला?"

हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. "शेवटचा डबा, शेवटचं दार. जिन्यापासून लांब पडतं म्हणून तिथे निम्मीच माणसं असतात. आणि दारापाशीची जागा फलाटाच्या पातळीत आहे, आत पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. फट मात्र आहे. चाकं अडकतील."

"व्हीलचेअरची फळी?"

"आणतो!"

"आधी केक तिथवर न्या. नव्वद पावलं आहेत आणि मध्ये सहाशे माणसं." ती माइककडे चालू लागली.

सेंट्रलवरून रोज घरी जाणारा प्रत्येक माणूस ग्लेनिसचा आवाज ओळखतो. भाजलेल्या पावाच्या कडेसारखा कोरडा. त्या आवाजात आजवर फक्त पिवळी रेघ, उशीर आणि बदललेला फलाट एवढंच आलेलं होतं.

"अठरा नंबरवरच्या प्रवाशांनी लक्ष द्यावं," आवाज आला. "आता तुमच्यामधून एक केक जाणार आहे. मी पुन्हा सांगते, केक. पाठीवरच्या पिशव्या पोटावर घ्या. फोन खिशात घाला. वाट द्या. केकला हात लावणाऱ्याची गाठ माझ्याशी नाही, केकच्या मालकीणबाईंशी आहे, आणि मी त्यांना भेटलेय."

फलाटभर हशा पिकला. आणि खरं सांगतो, नऊ वर्षांत मी त्या फलाटाची जमीन गर्दीच्या वेळी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली. मधोमध वाट पडली. दोन्हीकडे माणसं पोटावर पिशव्या धरून उभी, जणू वरात जाते आहे. आम्ही ढकलगाडी घेऊन निघालो. कुणी म्हणत होतं "सावकाश," कुणी "अहाहा," आणि एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला.

शेवटच्या दारापाशी जी रांग होती, तिच्यात पहिला उभा होता ब्रेंट. भिंतींना प्लास्टर करणारा, डोक्यापासून बुटापर्यंत पांढरा, दरवाजाएवढा रुंद. त्याच्यामागे बँकेतली एक बारीकशी व्हिएतनामी बाई, हुएन नावाची. ही नावं अर्थात मला नंतर कळली. तोवर मी या दोघांना रोज पाहत होतो आणि 'प्लास्टर' आणि 'निळी छत्री' म्हणून ओळखत होतो.

"मावशी, पुढची बाजू मी उचलतो," ब्रेंट म्हणाला.

आत्यानं त्याचे हात पाहिले. "हे काय आहे?"

"प्लास्टर. वाळलंय."

"धुऊन ये."

"मावशी, गाडी येईल!"

"मग बाह्यांनी धर. लोकांनी आयसिंग समजून तुलाच चाटायला नको."

ब्रेंट एवढा हसला की त्याच्या अंगावरून पांढरी धूळ उडाली, आणि आत्या किंचाळून केकपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली.

मी फळी घेऊन पळत आलो. ग्लेनिस आली. पाच पस्तीसची गाडी समोर लागली होती, ती आमची नव्हती, म्हणून तिच्यावर सराव करायचं ठरलं. म्हणजे गाडीत चढायचं नाही, फक्त शेजारी मोजायचं. फळी टाकायला मी, ढकलायला आत्या, पुढून धरायला ब्रेंट, आणि केकच्या जागी कोण? ब्रेंटच म्हणाला, "मीच केक होतो," आणि दोन्ही हात डोक्यावर जोडून, गाल फुगवून, बारीक पावलं टाकत फलाटावरच टाकलेल्या फळीवरून चालला. थांबलेल्या गाडीच्या खिडक्यांना आतून नाकं चिकटली.

"अडतीस सेकंद," हुएन घड्याळात बघत म्हणाली. तिला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

"हे नुसतं तुमचं झालं," ग्लेनिस म्हणाली. "रांगेतल्या बाकीच्यांचं काय? त्यांनाही घरं आहेत. बाकीच्यांनी शेजारच्या दारानं चढायचं, दोन-दोननं. छत्रीवाल्या बाई, तुम्ही मोठ्यानं मोजा. पन्नासला सगळ्यांचे पाय आत. सेमिसी, आतल्या लोकांचं काय करायचं?"

"गार्डला सांग ना."

तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. येणाऱ्या गाडीच्या गार्डला तिनं काय काय सांगितलं ते सगळं ऐकू आलं नाही. पलीकडून मात्र खरखरीतून एक गोंधळलेला आवाज आला, "ग्लेनिस, तू बरी आहेस ना?"

पाच एकेचाळीस. बोगद्यात दिवे दिसले. माझ्या तळहाताला घाम सुटला. हजारो गाड्या सोडल्या असतील मी या हातानं, पण असा घाम पहिल्या दिवसानंतर आला नव्हता. गाडी थांबली. दार उघडायच्या आधीच आतून गार्डची सूचना ऐकू येत होती, "...शेवटच्या दारातल्या प्रवाशांनी कृपया पायऱ्यांवर सरकावं, केक येत आहे, नाही, थट्टा नाही."

"एक!" हुएन ओरडली.

उतरणारे उतरले. दारात जे चार उरले ते भिंतीला पालीसारखे चिकटले.

"बारा!"

मी फळी टाकली. खाड् करून बसली. आत्यानं ढकललं. ब्रेंट उलट्या पावलांनी आत. पुढची चाकं फळीवर चढली, केक मागे झुकला, सगळा फलाट एकदम "हं!" म्हणाला, आणि मी खालून ढकलगाडीला खांदा लावला.

"सव्वीस!"

मागची चाकं आत. शेजारच्या दारानं दोन-दोन माणसं चढतायत, कुणी धक्का मारत नाही, कुणी बोलत नाही. मी फळी ओढून घेतली आणि झेंडीसाठी कमरेला हात घातला. झेंडी नव्हती. ती ग्लेनिसच्या हातात होती.

"आत जा," ती म्हणाली.

"काय?"

"पुढे रेडफर्न स्टेशनात गर्दीचा धक्का बसल्यावर केक कोण धरणार? ती एकटी? फळी इकडे दे. आत जा म्हणतेय ना!"

"आणि माझी ड्युटी?"

"तुझ्या जागी मी उभी राहतेय. सत्तावीस वर्षं झाली, अजून उभं राहता येतं मला."

"त्रेचाळीस!"

मी आत उडी मारली. हुएन माझ्यामागून, मोजत मोजतच, आणि तिनं "एकोणपन्नास" म्हटलं तेव्हा बाहेर शिट्टी वाजली. दारं लागली. काचेतून मला ग्लेनिस दिसली, हात वर, झेंडी वर, नजर घड्याळावर. गाडी हलली आणि अठरा नंबरच्या फलाटावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हणत की ती हसली. पण तिनं झेंडी जरा जास्तच वेळ वर धरली.

आत आम्ही अशी साखळी केली होती: एका बाजूला माझी पाठ, दुसऱ्या बाजूला ब्रेंटची, मध्ये केक, आणि पुढे आत्या. रेडफर्नला दार उघडलं आणि बाहेरचा लोंढा नेहमीच्या सवयीनं आत घुसायला निघाला, तर आतले पंधरा-वीस जण एका सुरात ओरडले, "केक!" लोंढा जागच्या जागी थांबला. त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मग प्रत्येक स्टेशनावर तेच. स्ट्रॅथफिल्डच्या आधीच्या वळणावर गाडी कलली तेव्हा वरच्या मजल्याच्या पायऱ्यांवरून सहा अनोळखी हात पुढे आले आणि केकपासून बोटभर अंतरावर थांबले, कुणी स्पर्श केला नाही, नुसते हवेत धरलेले. गाडी सरळ झाली तसे हात मागे गेले.

स्ट्रॅथफिल्डला पाचसहा जण उतरले. उतरताना एकानं आपल्या जागी येणाऱ्याला सांगितलं, "तुझ्याकडे डावी बाजू. वळण आलं की गुडघा लाव ढकलगाडीला." नवा माणूस काही न विचारता उभा राहिला. मग लिडकमला उतरणाऱ्यानं पॅरामॅटाला उतरणाऱ्याला सांगितलं. अशी पाळी बदलत गेली.

आता कुठे आत्याच्या खांद्यांतला ताठा सैलावला. तिनं पर्समधून आयसिंगची छोटी पिशवी काढली. ग्लेनिसनं तिच्या हातात कोंबलेली ती दोन फुलं तिनं चालत्या गाडीत, अंगठ्याएवढ्या जागेत पुन्हा चिकटवली. चेपलेल्याच्या दोन पाकळ्या नखानं सरळ केल्या. सगळा डबा श्वास रोखून बघत होता.

"किती मजले खायचे असतात यातले?" ब्रेंटनं विचारलं.

"तू येणार असलास तर दोन जास्त करायला हवे होते."

"मला बोलावताय का, मावशी?"

आत्यानं डब्याकडे पाहिलं. मग आवाज चढवून, चर्चमध्ये बोलते तशी, म्हणाली, "माउंट ड्रुइटला उतरायचं, डावीकडे दोन गल्ल्या, चर्चचा हॉल. भाजलेली डुकरं आठ आहेत. अळूच्या पानांचं, नारळाच्या दुधातलं लू पन्नास लोकांना पुरून उरेल एवढं आहे. ज्यानं केकला हात लावला नाही, त्यानं यायचं!"

पॅरामॅटा आलं. हुएन रोज तिथे उतरते. दार उघडलं, ती दारापर्यंत गेली, मागे वळली, आणि दार लागलं.

"अगं, तुझं स्टेशन गेलं," मी म्हणालो.

"माहितीये." ती निळी छत्री काखेत घट्ट धरून उभी होती. "सकाळपासून कर्जाचे अर्ज तपासतेय. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत बघू दे ना मला."

माउंट ड्रुइटला सहा सदतीसला उतरलो. तिथे गर्दी विरळ होती, फलाट मोकळा, आणि सूर्य समोर तांबडा. ढकलगाडी पुढे, आम्ही मागे. मागे वळून पाहिलं तर ब्रेंट, हुएन, आणि आणखी अकरा जण. डुकराचं नाव काढल्यावर कोण कोण उतरलं होतं ते मला माहीत नव्हतं. पदपथावरून आम्ही चाललो तेव्हा एका घराच्या अंगणात गवत कापणाऱ्या माणसानं यंत्र बंद केलं आणि आम्ही जाईपर्यंत उभा राहिला.

हॉलच्या दारात माझा बाप येरझाऱ्या घालत होता. आत्याला पाहिल्यावर तो खालीच बसला. "ऊठ, ऊठ," आत्या म्हणाली, "दार धर." त्याच्यामागून वासिती बाहेर आली. कमरेला समारंभाची चटई गुंडाळलेली, आजीची, गळ्यात फुलांचा हार. तिनं केककडे पाहिलंच नाही. माझ्या पिवळ्या जाकिटाकडे पाहिलं, आणि धावत येऊन मला मिठी मारली, हारासकट.

"दादा! तू आलास? कसा आलास?"

"केकबरोबर आलो."

"आणि हे कोण सगळे?"

"गाडीतले."

एवढं सांगून तिला काय कळणार? पण ती हसायला लागली, आणि या वेळी ते तिचं खरं हसू होतं, नाक आक्रसून हसते ते. नंतर तिनं मागच्या सगळ्या तेरा जणांचे हात एकेक धरून त्यांना आत नेलं.

आठच्या सुमाराला जेवणं चालू असताना हॉलच्या दाराशी गलका झाला. ग्लेनिस आली होती. ड्युटी सातला संपली तशी थेट, गणवेशातच. "फळी जागेवर ठेवलीये का ते विचारायला आले," ती म्हणाली. एवढ्या लांब, पेनरिथच्या गाडीनं, फळीचं विचारायला! फळी तर मी तिच्याच हातात दिली होती. आत्यानं तिचा हात धरला आणि तिला सरळ पुढच्या टेबलावर, आपल्या शेजारी नेऊन बसवलं. त्या टेबलावर पाद्री, आत्या आणि आमचे दोन थोरले काका सोडून कुणी बसत नाही. काका सरकले.

आमच्यात मोठा भाऊ भाषण करतो. मी येणारच नव्हतो, म्हणून माझं भाषण थोरल्या काकांकडे दिलेलं होतं. बापानं खूण केली, काका खाली बसले, माइक माझ्या हातात आला. तयारी शून्य. समोर अडीचशे माणसं, मध्ये तो केक, त्यामागे वासिती. मला दुसरं काही सुचेना, म्हणून जे झालं तेच सांगायला लागलो: लिफ्ट उघडली, नळ फुटला, गाडी चुकली.

"आणि मग धक्का बसला," मी म्हणालो, "आणि सहा फुलं खाली पडली..."

"सहा नाही!" आत्या पुढच्या टेबलावरून ओरडली. "दोन! आणि तीही लावली!"

"दोनच," ग्लेनिसनं तिला दुजोरा दिला. "मी उचललीयेत."

"मला लावताना दिसली," ब्रेंट म्हणाला. त्याच्या ताटात लूचा तिसरा डोंगर होता. "एक जरा चेपलं होतं."

"चेपलं नव्हतं!"

"थोडंसं चेपलं होतं, मावशी."

हुएन उभी राहिली आणि म्हणाली की केक आत जायला नेमके सत्तावीस सेकंद लागले, अडतीस नाहीत, अडतीस सरावात होते, आणि ते कुणीतरी लिहून ठेवावं. पाद्रींनी हसून डोळे पुसले. मी माइक धरून नुसता उभा होतो. माझी गोष्ट आता त्यांच्या ताब्यात गेली होती. वासितीनं सुरी उचलली, आत्याकडे पाहिलं, आत्यानं मान हलवली, आणि तिनं सगळ्यांत खालच्या मजल्यावर पहिला काप दिला.